अण्णाचं रक्त

"सांगलीला एक जण आहे या गटाचा," सिस्टर म्हणाली. "आत्ता घरी सापडेल. माणूस पाठवू का?"

"नको," मी म्हणाले. "माझा भाऊ निघालाय जयसिंगपुरातून."

"नक्की येतील ना? बाळाची वार खाली सरकलीय. पोट उघडायच्या आधी आणखी एक बाटली हाताशी पाहिजे, डॉक्टरबाई त्याशिवाय सुरीला हात लावायच्या नाहीत."

"अहो, तुम्ही मिरजेच्या, म्हणून तुम्हाला माहीत नाही. सुकुमार चौगुले म्हणून जयसिंगपुरात कुणालाही विचारा. रक्त द्यायचं म्हटल्यावर तो जेवणाच्या ताटावरून उठून येतो."

सिस्टरने खांदे उडवले आणि ती आत गेली. दार हलत राहिलं. त्या दाराच्या पलीकडे माझी एकुलती एक मुलगी पडली होती. त्रिशलाचे दिवस भरत आले होते. सकाळी न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंतीला धरून, लुगडं लाल. तिचा गट आमच्या घराण्याचा, शंभरात क्वचित कुणाचा असतो तो. दवाखान्यात त्या गटाची एकच बाटली शिल्लक होती आणि ती केव्हाच तिच्या हातात चालू झाली होती.

दवाखान्याच्या बोळातल्या बाकावर आमचे हे बसले होते, गुडघ्यांवर टोपी ठेवून. तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते ते. माणूस गरीब, आवाज लहान.

"मी म्हणतो," ते म्हणाले, "सांगलीच्या त्या माणसाला बोलावून ठेवावं का? असावा आपला."

"का? अण्णा येतोय ना."

"येतोय. पण असावा."

"तुम्हाला अण्णावर कधी भरोसा नव्हताच," मी म्हणाले. "त्यानं मला जिवंत ठेवलं, ते तुमच्या पोटात अजून दुखतंय."

त्यांनी टोपी एकदा फिरवली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली, आणि चहा आणतो म्हणून उठले.

मी अण्णाला त्याच्या बी-बियाणाच्या दुकानात फोन केला होता. दवाखान्याच्या खिडकीतल्या फोनवर मला रडू आवरेना. तो म्हणाला, "राजी, रडायचं न्हाई. मी हाय की. अन् हे बघ, दुसऱ्या कुणाचं घेऊ नको. कोण काय खातंय, कोण काय पितंय, आपल्या पोरीच्या अंगात कशाला ते? आलोच मी."

आम्ही जैन. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. अण्णाचं हे म्हणणं मला एकदम पटलं. आठ वर्षांपूर्वी माझ्या गर्भाशयाचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता, आणि आतल्या खोलीत जाऊन दंडाला पट्टी बांधून बाहेर आला होता. मी तेव्हा शुद्धीवर नव्हते. पण ती पट्टी जयसिंगपुरातल्या आमच्या साऱ्या आठव्या गल्लीने पाहिली. आमची मोठी चुलती तर सांगायची, "सुकुमार बाहेर आला तवा चेहरा असा उजळला होता, जणू देवाचं दर्शन घेऊन आला." मी बरी होऊन घरी आले, आणि ज्या कुणी भेटायला आलं त्याने हेच म्हटलं, राजमती, तुझ्या अंगात आता भावाचं रक्त आहे.

त्यानंतरच अण्णा रक्तदाता म्हणून नावारूपाला आला. मंडळाचं शिबिर असो, महावीर जयंतीचं असो, साखर कारखान्यावरचं असो, अण्णा पहिला. शिबिरात आधी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब तरंगला तर रक्त पातळ, माणूस परत. बुडाला तर चांगलं. अण्णाचा थेंब खड्यासारखा तळाला जायचा. टेबलावरची पोरं माना वळवून बघायची, "काकांचा थेंब बघा!" अण्णा हसायचा. लालबुंद चेहरा, डोळेसुद्धा लालसर, तळहात डाळिंबाच्या दाण्यांसारखे. आम्हाला वाटायचं, काय तब्येत आहे! थंडीच्या दिवसांतही तो विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ करायचा. गरम पाणी अंगावर घेतलं की सारं अंग खाजतं म्हणायचा, पण लोक म्हणायचे, व्रत घेतलंय, बोलून दाखवत नाही. संध्याकाळी दुकानासमोरच्या फरशीवर अनवाणी फिरायचा, तळपाय जळतात म्हणून. तेही लोकांनी व्रतातच धरलं. शिबिराच्या आधी आठवडाभर चिडचिड करायचा, डोकं जड म्हणायचा. रक्त देऊन आला की वहिनीशी गोड बोलायचा, पोरांना भेळ आणायचा. वहिनी मला एकदा म्हणाली होती, "वन्सं, दान केल्यावर माणसाला इतकं बरं वाटतंय, मला ठाऊक नव्हतं."

आणि मळी. तीही इथे सांगितली पाहिजे. कृष्णाकाठी आमच्या वडिलांचा मळीचा, पुराच्या गाळाच्या जमिनीचा, एक पट्टा होता. पूर ओसरला की वांग्यांना तिथे खत लागायचं नाही. वडील जाताना चार माणसांत बोलले होते, हा पट्टा राजीचा. कागदावर काही नव्हतं, नाव वारसांत दोघांचं. माझ्या ऑपरेशननंतरच्या दिवाळीत अण्णा ओवाळून घ्यायला बसला आणि म्हणाला, "राजी, शिरोळला जाऊन हक्कसोड करून देतीस का? मला तिथं पंप बसवायचा हाय." हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हणाले, "अण्णा, तू रक्त दिलंस, मी माती देऊ नको होय?" सगळे केवढे हसले. मी दुसऱ्या आठवड्यात शिरोळला जाऊन सही केली. त्रिशलाचं शिक्षण त्या वांग्यांवर करायचं मी मनात धरलं होतं. ते राहून गेलं. बारावीला तिचं लग्न केलं.

तर त्या दिवशी मी बाकावर बसून दाराकडे बघत होते. जयसिंगपूर ते मिरज म्हणजे एसटीने किती वेळ? पण अण्णा येईना. सिस्टर दोनदा डोकावली. दुसऱ्यांदा म्हणाली, "बाई, माझंच रक्त काढा म्हणाले असते, पण माझा गट वेगळा."

"माझा तोच आहे," मी म्हणाले. "माझं चालेल?"

"चालायला काय झालं? वजन आहे, वय आहे."

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. "तुझं कसं घेतील? तुझं मोठं ऑपरेशन झालंय," ते म्हणाले.

आणि खरंच, मलाही ते बरोबर वाटलं. बाईचं रक्त आधीच कमी, त्यात माझ्यात दुसऱ्याने घातलेलं. ते पुन्हा बाहेर काढायचं म्हणजे अण्णाने दिलेली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकल्यासारखं. मी सिस्टरला म्हणाले, "भाऊ येईलच."

अण्णा आला तेव्हा उन्हं बोळाच्या फरशीवर पोचली होती. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला गंध. घाम एवढा की सदरा पाठीला चिकटलेला. नेहमी शिबिराला जाताना त्याच्याबरोबर मंडळाची दोन-तीन माणसं असत. आज एकटा होता.

"कुठं होतास रे?"

"गिऱ्हाईक होतं गं. आलो की आता." त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरगी कशी हाय?"

"तू आत जा आधी."

"जातो की. तू बस हितंच. आत बायकांचं काम न्हाई."

"मी येते बरोबर," मी म्हणाले. "इथं बसवत नाही मला."

"राजी, बस म्हटलं ना."

पण मी त्याच्या आधी चालायला लागले होते. हे मागून म्हणाले, "अगं, जाऊ दे त्याला एकट्याला." मी वळूनही बघितलं नाही.

रक्तपेढीची खोली बोळाच्या टोकाला होती. तिथले डॉक्टर परांडेकर, टक्कल पडलेला, उंच, खाली वाकून बोलणारा माणूस. टेबलामागून त्यांनी अण्णाकडे पाहिलं आणि चष्मा वर ढकलला.

"या, चौगुले. उगवलात एकदाचे! शेवटचं कधी आलात आठवतंय? मी दर दोन-तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं ना?"

"कामं असतात, डॉक्टर."

"कामं! तोंड बघा आरशात, टरबूज फोडल्यासारखं झालंय. झोपा त्या पलंगावर. आधी जरा हलकं करतो तुम्हाला."

मला वाटलं, दोघांची जुनी ओळख आहे, थट्टा चाललीय. मी म्हणाले, "डॉक्टर, जरा लवकर घ्या. माझी मुलगी आत आहे. बाटली तयार झाली की लगेच तिला लावतील ना?"

"कोणती बाटली?"

"ही. अण्णाची."

डॉक्टर अण्णाकडे बघत राहिले. अण्णा पलंगावर बसून चपलेचा अंगठा चाळवत होता.

"चौगुले," डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "तुम्ही यांना काय सांगितलंय?"

अण्णाने चपला पायाने पलंगाखाली सरकवल्या.

"बाई, यांचं रक्त कुणालाही चढवत नाहीत. यांना आजार आहे, रक्ताचा. फार जुना. मीच पकडला होता, आठ वर्षं झाली."

"असं कसं? आठ वर्षांपूर्वी तर अण्णानं मला दिलं."

"तुम्हाला?"

"इथंच. ऑपरेशनच्या वेळी."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि मला बसवलं. कसं समजावावं याचा विचार करत असावेत. मग म्हणाले, "हे बघा. रक्त तयार होतं हाडाच्या आतल्या मगजात. जुन्या पेशी मरतात, नव्या होतात, शरीराला लागतील तेवढ्याच. यांच्या मगजातली एक पेशी बिघडली. ती थांबतच नाही. तिच्यापासून झालेल्या सगळ्या तशाच, नव्या पेशी बनवत सुटलेल्या. तांबड्या पेशी एवढ्या की रक्त काकवीसारखं दाट होतं. डोकं जड, अंग तांबडं, गरम पाण्याने खाज, पाय जळतात. गाठ झाली तर झटका. उपाय एकच, मधून मधून एक बाटली रक्त काढून टाकायचं. त्या दिवशी हे तुम्हाला द्यायला आले, मी तपासलं, आणि यांच्यासाठीच काढलं. बरं वाटावं म्हणून. ते मी तुम्हाला कसं देईन?"

तेव्हा डॉक्टरांनाही याच्या पुढचं ठाऊक नव्हतं. अलीकडे मी पेपरात वाचलं. पेशीच्या आत एक लिपी असते म्हणे, तिच्यातलं एकच अक्षर बदलतं आणि कुणी सांगितलेलं नसताना ती पेशी रक्त बनवत राहते. हे आईबापाकडून येत नाही, माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात कधीतरी घडतं, असंही लिहिलं होतं. ते वाक्य मी पुन्हा वाचलं होतं.

पण त्या खोलीत मला एवढंच सुचलं, "मग ती बाटली? अण्णाची?"

"गटारात," डॉक्टर म्हणाले. "आणखी कुठे जाणार?"

"आणि मला दिलं ते?"

"पेढीतलं. कुणीतरी येऊन देऊन गेलेलं. नाव आता मला कुठलं आठवतंय!"

मी अण्णाकडे वळले. "अण्णा?"

"मी कुठं काय बोललो?" तो म्हणाला. "पट्टी बांधून बाहेर आलो, चुलतीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. म्हटली, वाचवलंस रे बाबा. आता एवढ्या माणसांत मी काय म्हणू, मलाच रोग झालाय म्हणू? दुकान हाय, पोरी लग्नाच्या हायत."

"आणि शिबिरं?"

डॉक्टर एकदम उठले. "शिबिरं? कसली शिबिरं?"

अण्णाचा चेहरा तांबड्याचा काळपट झाला. "तुमच्याकडं आलं की पेशंटांच्या ओळीत बसावं लागतंय," तो डॉक्टरांना म्हणाला. "तिकडं गुलाबाचं फूल देतात. रक्त तर तेच निघतंय न्हवं?"

"अहो, ते रक्त लोकांना जातं! तुम्ही फॉर्मवर काय सांगत होतात?"

"ते थेंब पाण्यात टाकतात. बुडला की झालं. जास्त हाय का, कुणी विचारतच न्हाई."

डॉक्टर आणखी काही बोलणार होते, पण सिस्टर दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरांना म्हणाली, "आतल्या बाईंचं ब्लड प्रेशर खाली येतंय. बाटली?"

"सांगलीचा माणूस," मी ओरडले. "त्याला बोलवा!"

"मगाशीच माणूस पाठवून बघितला. घरातून निघून गेलाय, बहिणीकडे कवठ्याला."

मी उभी राहिले. लुगड्याचा काठ वर सरकवून हात डॉक्टरांच्या पुढे धरला. "माझं घ्या."

"राजी, येडी हायस काय?" अण्णा पलंगावरून म्हणाला. "डॉक्टर, तिला काय काढता? तिच्यात हाय ते..."

"तिच्यात काय आहे?" डॉक्टर म्हणाले. "चौगुले, तुम्ही गप्प बसा." मग त्यांनी माझं बोट टोचलं. माझा थेंब निळ्या पाण्यात घसरत, वळत, शांतपणे खाली गेला. मला दुसऱ्या पलंगावर झोपवून त्यांनी सुई लावली. मी विचारलं, "डॉक्टर, ते पेढीतलं रक्त, ज्यानं दिलं त्याचं... ते अजून आहे माझ्यात?"

"नाही हो. दिलेलं रक्त तीन-चार महिन्यांत संपतं. शरीर आपलं आपण नवं करतं. आता हे आहे ते सगळं तुमचं."

अण्णाच्या हातालाही त्यांनी सुई लावली होती. त्याला त्या दिवशी खरंच गरज होती. दोन पलंग, मध्ये एक स्टूल. लहानपणी आम्ही असेच दोन बाजूंना झोपायचो, मध्ये आजी. त्याची बाटली भरभर भरली, काळसर, घट्ट. माझी हळूहळू.

"राजी," तो छताकडे बघत म्हणाला. "गल्लीत बोलू नको."

मी मूठ उघडत-मिटत राहिले.

"दाजींना ठाऊक हाय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

मी मान वळवली.

"त्या दिवशी आधी त्यांनाच बोलावलं होतं, गट बघायला. सुई बघितली अन् पळाले ते. मी शोधत गेलो तर चहाच्या टपरीमागं ओकत होते. म्हटले, राजीला सांगू नका, बायकोसाठी बोट टोचून घेतलं न्हाई म्हणून माझी आयुष्यभर छी-थू होईल. मी म्हटलं, तुम्ही माझं सांगू नका, मी तुमचं सांगत न्हाई." तो थोडा हसला. "तेवढं एक त्यांनी पाळलं बघ."

माझी बाटली भरली. सिस्टर ती छातीशी धरून जवळजवळ पळतच गेली. मला उठू देत नव्हते, मी उठले. बोळात हे त्याच बाकावर होते.

"शिरोळला मी सही करायला निघाले," मी म्हणाले, "तेव्हा तुम्ही माझी चप्पल पुढं करून ठेवली होती."

मला काय कळलंय ते त्यांना लगेच उमगलं. ते म्हणाले, "अगं, मी बोलणार होतो."

"कधी?"

"बऱ्याचदा."

"आज सकाळी तरी बोलायचं. सांगलीचा माणूस घरात होता, अहो. मुलगी आत मरत होती आणि मी नको म्हणाले, तेव्हा तुम्ही चहा आणायला गेलात!"

"मी म्हटलं होतं की, असावा आपला म्हणून," ते म्हणाले. आणि रडायला लागले. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. मुलगा झाला होता. त्रिशला वाचली होती. "वेळेत मिळालं रक्त," त्या म्हणाल्या आणि गेल्या. कुणाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून विहीणबाई आणि जावई जयकुमार वर आले, बेडकिहाळहून गाडी करून. विहीणबाईंना धाप लागली होती. आणि त्याच वेळी बोळाच्या टोकाकडून अण्णा आला, दंडाला पांढरी पट्टी, हात कोपरात दुमडलेला. रक्त काढल्यावर यायची तशी तरतरी त्याच्या तोंडावर आली होती. जयकुमारने ती पट्टी पाहिली आणि तो सरळ त्याच्या पायांवर पडला.

"मामा, तुम्ही होता म्हणून."

"अरे, ऊठ, ऊठ."

"सुकुमारअण्णा," विहीणबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "त्या वेळी बहिणीला, आता भाचीला. तुमचे उपकार आम्ही कसे फेडायचे?"

मी अण्णाकडे बघत होते. तोही माझ्याकडे बघत होता. मी वाट बघत होते. मला वाटत होतं, आता तो म्हणेल. आत्ताच, दहा पावलांवर, त्याच्या डोळ्यांदेखत माझी बाटली गेली होती. एवढा तरी तो माझा भाऊ असेल.

"उपकार कसले?" अण्णा म्हणाला. "रक्ताचं नातं हाय."

मग मीच पुढे झाले. लुगड्याचा काठ सरकवून माझ्या हातावरचा कापूस दाखवला. "विहीणबाई, त्रिशलाला चढवलंय ते माझं. अण्णाला आजार आहे. त्याचं कुणाला चालत नाही, त्याचं ओतून टाकलं. मलाही त्यानं कधी दिलं नव्हतं."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णाकडे.

"तिचं तपासायला घेतलंय थोडं," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज इतका मायेचा होता की मीसुद्धा क्षणभर गोंधळले. "ऑपरेशन झाल्यापासून राजीचं असं होतंय कधी कधी. रक्त बघितलं की डोकं फिरतं. दाजी, सांगा की."

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली.

"सकाळपासून पोटात काही नाही तिच्या," हे म्हणाले. "चक्कर आली असेल."

विहीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मला बाकावर बसवलं. त्यांच्या पिशवीत राजगिऱ्याचा लाडू होता, तो त्यांनी माझ्या तोंडाशी धरला. "खा बघू. लेकीपायी जीव अर्धा झालाय तुमचा." जयकुमार अण्णासाठी नारळपाणी आणायला धावला.

दुपारी मला आत सोडलं. त्रिशला पांढरी पडली होती, पण डोळे उघडे होते. बाळ तिच्या कुशीत कपड्यात गुंडाळलेलं. तिने माझा हात चाचपून धरला.

"आई, मामा आला होता?"

"आला होता."

"मग बरं." तिने डोळे मिटले.

"त्रिशा," मी तिच्या कानाशी वाकले. "ऐक. मामानं दिलं नाही. रक्त मी दिलं. हे तुला चढतंय ना, ते माझं आहे."

ती हसली. ओठ सुकले होते, तरी हसली.

"म्हणजे मामाचंच की गं," ती म्हणाली. "तुझ्यात त्याचंच तर हाय."

आणि तिला झोप लागली. मी बाटलीकडे बघितलं. अजून अर्धी होती.